भागरथाच्या जिवंतपणी आलेली लाकडं

लोक लाकडं घेऊन अंगणात शिरले तेव्हा तू जिवंत होतीस, भागरथा. आतल्या खोलीत बाजेवर पडली होतीस, अंगात ताप होता, पण जिवंत होतीस. सगळ्यांत पुढे यादव, खांद्यावर ऐनाचा ओंडका. त्याच्यामागे घरटी एक माणूस आणि घरटी एक लाकूड, आपल्या गावात मयत झाली की आणतात तसं. शेजारची कौशल्या फाटकातच खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि तिनं सूर काढला, "भागरथा वो माय, कुठी गेली वो..."

मधल्या घरात, धानाच्या पोत्यांच्या पलीकडे, प्रणाली कानाला हेडफोन लावून कामावर बसली होती. दूरच्या कुठल्या बाईला ऑपरेशनच्या टाक्यांतून पाणी येतं का, असं विचारत होती. नागपूरच्या मॅडम तिचा तो फोन ऐकत होत्या. दोन तक्रारी आधीच झालेल्या. तिसरी झाली की पोरगी नागपूरला परत. तीन महिन्यांच्या परीक्षेचे पाच दिवस उरले होते, आणि माझ्या अंगणात गाव रडायला बसलं होतं.

हे मला चुलीजवळच्या खिडकीतून दिसलं. मी उठले, पण पाय पुढे पडेनात. तुझा भाऊ, माझा नवरा, गेला तेव्हाही पाय असे धरले नव्हते. खरं तेच लिहिते.

आता तू खरंच गेलीस. परवा तेरवी झाली. प्रणाली म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करतो." मी नको म्हटलं. काही गोष्टी तिच्या तोंडावर माझ्या तोंडून निघणार नाहीत, आणि कळायला तर तिलाच हव्यात. म्हणून वही घेतली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, वाकडं येतं. तुझी अडचण नाही, तुला वाचता येतच नव्हतं.

आपलं भांडण दिवाळीनंतर सुरू झालं. नात बॅग घेऊन दारात उभी राहिली, डोळे खोल गेलेले. तिचे आईबाप चंद्रपुरात, पण पोरगी वाढली आपल्या दोघींच्या हाताखाली, म्हणून ती थेट इकडेच आली. दोन वर्षं नागपुरात एका मोठ्या दवाखान्याच्या ऑफिसात होती. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या लोकांना फोन करायचा, जखम कशी आहे, ताप येतो का, गोळ्या घेता का, हे विचारायचं आणि कॉम्प्युटरात लिहायचं. बिघडलेलं वाटलं तर डॉक्टरला कळवायचं. राहायला एका खोलीत सहा पोरी, आणि त्या खोलीला खिडकी नाही. कावीळ झाली, तेव्हा दवाखान्यानं म्हटलं, तीन महिने घरून काम करून दाखव. आवाज नको, फोन तुटायला नको. जमलं तर कायमचं घरून, नाही तर ऑफिसात ये.

मी म्हटलं, जाऊ द्या तिला.

"इथी दोन बुढ्यांत बसून काय करन ते?" मी म्हटलं. "तिथी तिच्या वयाच्या पोरी आहेत. इथी तिले कोण आहे?"

"मी आहो ना," तू म्हणालीस.

"तू आहे म्हणूनच म्हणून राह्यली. तुले म्हातारपणी पाणी द्याले कोणी पाहिजे, म्हणून पोट्टीले बांधून ठेवतं तू."

"हाव. पाहिजे पाणी द्याले. मंग?"

माणूस लाजेनं नाही म्हणेल असं धरून मी बोलले होते, आणि लाज तुझ्याजवळ कधी नव्हती. नवऱ्याच्या घरून तू परत आलीस तेव्हाही अख्ख्या गावासमोर म्हणाली होतीस, "तो मारते म्हणून आली, आता इथीच राहीन." आणि राहिलीस. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नणंद कायमची घरात म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. तेही तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरं केलं, तेवढा भात वाचला."

नेट फक्त मधल्या घरात नीट येत होतं. तिथे नुकतंच आलेलं धान रचलेलं. प्रणालीनं पोत्याला कान लावला आणि म्हणाली, "आजी, पोत्यात आवाज मुरतो." मग तिघींनी मिळून पोती ओढली. तीन बाजूंनी पोत्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला दोरीवर दोन गोधड्या. आत एक टेबल, एक खुर्ची, बॅटरी आणि पोरगी. वर धानाच्या कुसराच्या धुळीनं माखलेला पंखा. ती कॅमेऱ्यात दिसेल तेवढी इस्त्रीची कुर्ती घालायची आणि खाली जुना परकर. तू पहिल्या दिवशी गोधडी वर करून पाहिलंस आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "वरून मास्तरीण, खालून आपल्यासारखीच."

विकायचं धान न्यायला गाडी आली तर तू परत पाठवलीस. तीन महिने एक पोतं हलू दिलं नाहीस.

पण तुझं तोंड. ते कोणत्या पोत्यात मुरणार होतं? तू पुढच्या सपरीत, ओसरीला, बसून तलावाच्या पाळीवरच्या माणसाची चौकशी करायचीस आणि त्याचं उत्तर आलं नाही तर त्याच्या बापाची. दुसऱ्याच आठवड्यात कौशल्याची बकरी आपल्या घरामागच्या सांदवाडीत, भाजीपाल्यात, घुसली आणि तू ओरडलीस, "कौशल्ये! तुही बकरी माह्या वालात शिरली! बांधता येत नसन त कापून खा!"

वर्ध्याकडचा कोणी म्हातारा फोनवर होता. तो प्रणालीला म्हणाला, "ताई, आज मटण का तुमच्याकडं?" तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. पहिली तक्रार.

संध्याकाळी पोरगी पायरीवर बसली होती. तू जाऊन शेजारी बसलीस.

"माह्याच्यानं झालं?"

"हाव."

"आता किती राह्यल्या?"

"दोन."

दुसऱ्या दिवसापासून नऊ ते पाच तू बोलली नाहीस. मी पैज लावली होती मनाशी, की दुपारपर्यंत टिकणार नाही. टिकलीस. पाच वाजले की अंगणात येऊन दिवसभराचं एकदम बोलायचीस, आणि मी काही पुटपुटले की बोट दाखवून म्हणायचीस, "वहिनी, म्यूट हो." तो एक इंग्रजी शब्द शिकलीस आणि माझ्यावरच वापरलास.

दुसरी तक्रार तुझी नव्हती. नाटकांचे दिवस होते, जाहिरातीची जीप आली आणि नेमकी आपल्या कोपऱ्यावर थांबली. भोंग्यात माणूस ओरडतो आहे, आज ठीक दहा वाजता, रडवणारं, हसवणारं. तू धावत जाऊन जीपसमोर उभी राहिलीस. तोंडातून शब्द नाही, नुसते हात हलवतेस. त्याला वाटलं, बुढी बहिरी आहे, तिला ऐकू येत नाही. त्यानं भोंगा काढून तुझ्याकडे वळवला. मी फाटकातून पाहत होते. तुझ्या चेहऱ्यावर शिव्या लिहिलेल्या होत्या आणि एकही बाहेर आली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ही पोरगी इथे राहील.

लोकांना हे काम म्हणून कळत नव्हतं. कळणार कसं? रोवणी दिसते, कापणी दिसते, तेंदूच्या पुड्याची मोजणी दिसते. हे दिसत नाही. कोणीही यायचं. "पोट्टी घरीच आहे ना, हा फारम भरून दे म्हणाव." "घरीच आहे ना, बँकेत चाल म्हणाव." तू पायरीवर काठी घेऊन बसायचीस. आलेल्याला सूर्य दाखवायचीस, मग पाच बोटं. पाच वाजता ये. सरपंच आला तरी तेच. तो मला म्हणाला, "भागरथाबाई कामून कोपली?" मी म्हटलं, "कोपली नाई, ड्युटीवर आहे."

मलाही सगळं दिसत नव्हतं, ते नंतर दिसलं. पाच वाजता पोरगी गोधडी बाजूला करून यायची तेव्हा तिचं तोंड दुसऱ्यांच्या दुखण्यानं भरलेलं असायचं. नागपुरात ऑफिसातून खोलीवर जाईपर्यंत ते रस्त्यात थोडं सांडत असेल. इथे रस्ताच नाही. पोत्याच्या अलीकडे आली की चूल. सोबतच्या पोरी तिकडे एकत्र डबा खायच्या, हसायच्या, ते हिला फोनवर फोटोत दिसायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, "आजी, दिवसभर चाळीस लोकांसंग बोलली, पण मी कोणासंगच नाई बोलली." तू उठलीस, तिचं ताट उचललंस आणि म्हणालीस, "चाल, बांधीवर जाऊन खाऊ." त्या दिवसापासून तुमचं रोजचं ठरलं. पाच वाजता घरात बसायचं नाही. शेताच्या बांधीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. तू तिच्यासाठी रस्ता तयार केलास. मी घरात बसून दोघींच्या नावानं बोटं मोडली, की माझ्या एकटीवर स्वयंपाक टाकून हिंडतात.

त्याच फिरण्यात तू तिला काम शिकवलंस. अंगठाबहाद्दर बाईनं. मी हे तेरवीला आलेल्या सगळ्यांना सांगितलं.

पोरगी म्हणायची, लोक खोटं बोलतात. गोळी घेतली का म्हटलं की घेतली म्हणतात, आणि आठ दिवसांनी परत दवाखान्यात भरती होतात. तू म्हणालीस, "मले विचार. मी पेशंट आहो."

"नमस्कार, आपण आपली औषधं वेळेवर घेत आहात का?"

"घेत आहो बाई, घेत आहो. ठेव फोन."

"असंच करतात!"

"कराले लावतं तू. शाळेतल्या बाईवाणी विचारतं. शाळेतल्या बाईले कोणी खरं सांगते का? आपल्या बोलीत विचार. अन् घेतली का, असं विचारूच नको. म्हणाव, काकाजी, पाकीट आणा बरं हातात, किती राह्यल्या मोजून सांगा. मोजताना माणूस खोटं बोलत नाई, मोजण्यात गुतून जाते."

दुसऱ्या दिवसापासून ती तसं विचारू लागली. पोत्यांपलीकडून ऐकू यायचं, "काकाजी, मोजा बरं. आठ? आठ कशा राह्यल्या? तीन पाहिजे होत्या. काऊन नाई घेतल्या? डोकं गरगरते? मंग सांगाचं ना बाप्पा, डॉक्टर गोळी बदलवून देतीन." लोक सांगू लागले. मॅडमनी विचारलं, ही भाषा कोणी वापरायला सांगितली. ती म्हणाली, माझ्या आत्याआजीनं. आज त्या ऑफिसातल्या सगळ्या पोरी पाकीट मोजायला लावतात.

मग फेब्रुवारीत तुला ताप भरला. चार दिवस तू सपरीत आली नाहीस. आणि थंडीचा वारा गोधड्या हलवतो, आवाज होतो, म्हणून मी पुढचं दार दिवसा लावून घेत होते. आता मला सांग, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आपल्या गावात दिवसाढवळ्या दार कधी लागतं? घरात कोणी गेलं की, मयताच्या अंगावर पाणी घालण्यापुरतं. एरवी कुत्रंसुद्धा विचारून आत येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कौशल्या आली. "भागरथा कशी आहे वो?" आत प्रणालीचा फोन सुरू. मी बोलले नाही. तिच्या तोंडावर दार लावलं आणि चुलीपाशी गेले. चार दिवस भागरथाचा आवाज नाही, वहिनी बोलत नाही, दार बंद. कौशल्येनं याचा जो अर्थ काढायचा तो काढला. तिच्या जागी मी असते तर मीही लाकूड घेऊन आले असते.

तर माझे पाय धरले, आणि कौशल्येनं दुसरा सूर लावायला श्वास घेतला, आणि पुढचं दार उघडलं.

तू दारात उभी होतीस. केस सुटलेले, अंगावर वाकळ, डोळे तापानं लाल. कौशल्येचा सूर घशात अडकला, खोकल्यासारखा काही आवाज आला. एक म्हातारा मागच्या मागे फाटकाबाहेर गेला. तू हात वर केलास, पंजा उघडा, जसा जीपसमोर केला होतास तसा. मग आत बोट दाखवलंस. मग ओठांवर ठेवलंस. आणि पायरीवर बसलीस.

अख्खं गाव बसलं.

मी सत्तरी ओलांडली, भागरथा. ग्रामसभा पाहिल्या, लग्नं पाहिली, मयती पाहिल्या. तीस-पस्तीस माणसं अंगणात बसली आहेत आणि कोणाचा आवाज नाही, असं मी पाहिलं नव्हतं. यादव तसाच उभा, ओंडका खांद्यावर, कारण टाकला तर धप्प आवाज होणार. त्याचे पाय थरथरायला लागले. तू उठलीस, ताप अंगात असताना, ओंडक्याचं एक टोक धरलंस, आणि दोघांनी मिळून तो असा खाली ठेवला, जसं निजलेलं लेकरू ठेवतात. मग बाकीच्यांनी एकमेकांची लाकडं उतरवून घेतली. बकरी ओरडायला लागली तर कौशल्येनं स्वतःचा पदर तिच्या तोंडात कोंबला. पोत्यांपलीकडून पोरीचा आवाज स्वच्छ येत होता. "मावशी, जखमेभोवती लाल आहे का? हात लावून पाहा. गरम लागते? मावशी, तुम्ही आजच दवाखान्यात जा. उद्या नाई, आज. मी डॉक्टरले आत्ताच सांगून राह्यली." यादव माझ्याकडे पाहून ओठांनी म्हणाला, हेच काम? मी मान हलवली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

किती वेळ गेला माहीत नाही. सावली पायरीवरून खाली उतरली होती. गोधडी वर झाली, प्रणाली दारात आली. अंगणात गाव, गावासमोर लाकडांचा ढीग. तिचं तोंड पांढरं पडलं.

"कोण गेलं?"

"फोन बंद झाला का?" तू हळूच विचारलंस.

"झाला. आत्याआजी, कोण गेलं?"

"मी!" तू म्हणालीस, आणि मग पाच दिवसांचं सगळं एकदम सुटलं. "मी गेली म्हणते! ह्या यादवले विचार, सरण रचाले आला मेला! काऊन रे, कोणी सांगतलं तुले? नाडी पाहिली होती माही? अन् कौशल्ये, रडाची मोठी हौस तुले, बकरी सोडतं माह्या वालात अन् रडाले पयले!" तलावापलीकडच्या पाड्यावरून दोन माणसं पाहायला आली, की मयतीच्या घरी भांडण काऊन लागलं.

लोक हसत होते. कौशल्या हसत होती आणि रडतही होती. लाकडं परत न्यायला कोणी हात लावेना, सरणासाठी निघालेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. तू म्हणालीस, "राहू द्या. माह्या नावाचं आहे, मीच जाळीन." महिनाभर त्या लाकडांवर आंघोळीचं पाणी तापवलंस. मी पहिले दोन दिवस त्या पाण्याला शिवले नाही, नदीवर गेले. तिसऱ्या दिवशी थंडी फार होती.

त्या फोनमधल्या मावशीच्या जखमेत पू झाला होता, ती वेळेवर दवाखान्यात पोचली. मॅडमनी सगळं ऐकलं होतं, कौशल्येचा तो एक सूर पोत्यांतच मुरला होता, आवाज कुठेच नव्हता. पाच दिवसांनी कागद आला. कायमचं घरून. तू तो कागद उलटा धरून सगळ्या गावात फिरवलास.

आता ते लिहिते ज्यासाठी वही घेतली.

चैतात मोहाची फुलं पडायला लागली. तू पहाटे टोपली घेऊन जायचीस, सूर्य चढायच्या आत परत यायचीस. त्या दिवशी अंगणात फुलं पसरत होतीस. मी टोपली पडल्याचं ऐकलं. येऊन पाहिलं तर तू फुलांवर आडवी होतीस, तोंड एका बाजूला ओढलेलं. प्रणाली कामावर होती. मी ओरडले. बकरीच्या त्या दिवसानंतर, पोरगी फोनवर असताना, त्या घरात ओरडणारी मी पहिली. पोरगी हेडफोनसकट धावत आली. कुरखेड्याहून दवाखान्याची गाडी निघाली, पण ती पोचेपर्यंत तू थांबली नाहीस.

यादव रिकाम्या हातानं आला. फाटकात उभा राहिला.

"वहिनी, पक्कं पाहून घेतलं का?"

"हाव."

"एकडाव आणखी पाहून घे. मागल्या खेपेस लय शिव्या खाल्ल्या मी."

"आण लाकूड, यादव," मी म्हटलं. तेव्हा तो फाटकाला धरून रडला. लोकांनी तुझ्यासाठी दोनदा लाकडं आणली, पण रडला तो दुसऱ्यांदा.

चौथ्या दिवशी तुझं गाठोडं सोडलं. सुपारीच्या डबीत सव्वीस गोळ्या निघाल्या. ब्लडप्रेशरच्या, सुट्या. प्रणालीनं पाहिल्या आणि तिथेच खाली बसली. कारण ती रोज तुला विचारायची. नुसतं विचारायची नाही, तू शिकवलंस तसं, पाकीट मोजायची. मोजणी रोज बरोबर यायची. तू रोज एक गोळी काढून डबीत टाकत होतीस.

मला माहीत होतं. सगळं नाही, थोडं. होळीला तू म्हणाली होतीस, "गोळीनं पाय जड होते वहिनी, मोह वेचता येत नाई." मी म्हटलं, डॉक्टरला सांग. तू म्हणालीस, सांगीन. ज्या दिवशी तू ते म्हणालीस त्याच दिवशी मी पोरीला सांगायला हवं होतं. मला वाटलं, रोज मोजते ना पोरगी.

प्रणाली आता म्हणते, "मी सगळ्या जगाले विचारतो, अन् घरातली माह्या डोळ्यासमोर गेली." मी तिला सांगते, आणि इथे लिहूनही ठेवते, म्हणजे परत परत वाचता येईल. तिनं विचारलं होतं. तू खोटं बोललीस. ज्या बाईनं खोटं पकडायचं शिकवलं तिचं खोटं कोण पकडणार? दोष तुझा, आणि थोडा माझा. पोरीचा नाही. भागरथा, तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं.

तुझ्यावर राग आहे. तो जाणार नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. पण त्याच्याहून मोठं काही आहे. तू हरली नाहीस. तुला पोरगी इथे हवी होती, ती इथे आहे. तुला मरेपर्यंत मोह वेचायचा होता, वेचलास. सरपंचानं ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत गावातल्या आणखी दोन पोरींना बसायला जागा दिली, प्रणाली त्यांना शिकवते. खोलीला खिडकी आहे, ती प्रणालीनं आधी पाहून घेतली. भोंग्याची गाडी आता शाळेपाशीच आवाज बंद करते. कौशल्येची बकरी बांधलेली असते. हे सगळं बोलघेवड्या भागरथानं तोंड मिटून मिळवलं, असं सगळा गाव म्हणतो.

आणि आपलं भांडण. मी म्हणत होते जाऊ दे, तू म्हणत होतीस राहू दे. तू जिंकलीस आणि मी तुला ते जिंकल्याचं कधी म्हटलं नाही. त्यामागची गोष्टही सांगितली नाही. मलाही ती इथेच हवी होती. पहिल्या दिवसापासून. दारात बॅग घेऊन उभी दिसली तेव्हाच मी देवाला म्हटलं होतं, हिला परत नेऊ नको. पण तू उघड मागत होतीस, म्हणून मला शहाणपणाचं बोलता आलं. मागायची लाज तू घेतलीस, मोठेपणा मी घेतला. पाणी द्यायला कोणी मलाही हवं आहे, भागरथा. हाव, हवं आहे.

काल सोमवार होता. नऊ वाजता प्रणाली कामाला बसली. पाच वाजता उठली, तोंड धुतलं आणि पायरीवर उभी राहिली. मी चूल तशीच सोडली, चप्पल घातली. बांधीपर्यंत माझे गुडघे पोचत नाहीत, आंब्यापर्यंत पोचले. परत आलो तेव्हा भात करपला होता. दोघींनी तोच खाल्ला.

आपल्या घरात तीन बायका होत्या. मी आहे. प्रणाली आहे, आणि ती इथेच राहते.